'ज्याला जमतं त्याला द्या' हा नियम कुठे अडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही आठ जणांच्या टीमचे नवे प्रमुख आहात. 'ज्याला जे चांगलं जमतं ते त्याला द्यायचं' असं ठरवून तुम्ही कामं वाटली. चिडलेले, अवघड ग्राहक एका सहकारिणीकडे दिले, कारण ती ते उत्तम सांभाळते. वरिष्ठांसमोरची प्रेझेंटेशन्स एकाकडे, कारण तो छान बोलतो. एक जण गप्प असतो, त्याचं बलस्थान काय ते अजून कळलेलं नाही, म्हणून त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आता दोघंजण पक्षपाताची कुजबुज करताहेत आणि जिच्यावर तुमची सगळी भिस्त, तिनेच बदलीचा अर्ज दिलाय. लोकांच्या गुणांना वाव देऊनही लोक नाराज का, असं तुम्ही विचारलंय.

गुण ओळखण्यात तुमची फारशी गफलत झालेली दिसत नाही. अडलंय ते वाटपात. काम देताना नुसतं काम दिलं जात नाही. त्यात त्या माणसाचा वेळ आणि डोकं खर्ची पडतं, कधी त्याचं नाव होतं, कधी पुढच्या मोठ्या कामाचं दार उघडतं. तुमच्याकडे ग्राहक सांभाळणारीला मनस्ताप मिळाला आणि प्रेझेंटेशन करणाऱ्याला नाव मिळालं. दोघांनाही काम गुणांप्रमाणेच मिळालं, तरी एक जण दमतोय आणि दुसरा पुढे जातोय. गप्प बसणाऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही. कुजबुज होणारच.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधी सांगून टाकते. पगारवाढ आणि बढती तुमच्या हातात आहे का? नसेल तर द्यायला तुमच्याकडे वेळ, संधी आणि नाव एवढंच उरतं, आणि त्यांचं वाटप आणखी जपून करावं लागतं. काम आणीबाणीचं असेल, म्हणजे सिस्टिम बंद पडलीय किंवा रुग्ण दारात आहे, तर जो सगळ्यात तरबेज त्यालाच पाठवा. तिथे समान संधीचा विचार करत बसायचं नसतं. त्याची भरपाई पुढच्या निवांत दिवसांत करायची. एकदाच येणारं काम आणि दर आठवड्याला येणारं काम यांनाही एकच नियम लावू नका. अन्याय साचतो तो रोजच्या बारीकसारीक कामांत.

आता तुमच्या हुकमी माणसाबद्दल, म्हणजे ग्राहक सांभाळणारीबद्दल. मी बरीच वर्षं ग्राहकसेवेच्या आणि नंतर ऑपरेशन्सच्या टीम सांभाळल्या. चिडलेल्या माणसाला दहा मिनिटांत शांत करणारे लोक मी पाहिलेत. बाहेरून ते अगदी सहज वाटतं. फोन ठेवल्यावर त्यांचे चेहरे बघितले की कळतं, आतून पार पिळून निघालेले असतात. एखादी गोष्ट चांगली जमणं वेगळं आणि ती करावीशी वाटणं वेगळं. पहिलं आपल्याला कामातून दिसतं. दुसरं मात्र विचारल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक प्रमुख विचारतच नाहीत, कारण उत्तर गैरसोयीचं असू शकतं.

एका सहकाऱ्याचे अहवाल इतके नेटके असायचे की सगळे विभाग त्याच्याकडेच यायचे. मी त्याला विचारलं, "गेल्या महिन्यातलं कुठलं काम पुन्हा करायला आवडेल, आणि कुठलं उद्यापासून गेलं तर सुटलो असं वाटेल?" तो म्हणाला, "लिहायचा मला मनापासून कंटाळा आहे. शाळेत अक्षर चांगलं म्हणून फळा मलाच लिहायला लावायचे, तसंच इथं चाललंय." त्याला आकडे खणून काढण्यात रस होता. अहवाल हे त्याच्या शिस्तीचं फळ होतं, आवडीचं नव्हे. हा प्रश्न जसाच्या तसा वापरून बघा. 'तुझी बलस्थानं काय?' असं विचारलं की लोक मुलाखतीतली उत्तरं देतात.

हुकमी माणूस 'नाही' म्हणत नाही, यावरून त्याला ते काम चालतंय असा अर्थही काढू नका. 2017 साली लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगात तिघातिघांचे गट होते. ठरलेल्या वेळात कुणीतरी एकाने पुढे येऊन बटण दाबायचं. दाबलं की सगळ्यांचा फायदा, पण दाबणाऱ्याच्या पदरात इतर दोघांपेक्षा कमी पडायचं. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा ते बटण दाबलं. गटात सगळ्या बायका किंवा सगळे पुरुष असले की मात्र हा फरक उरला नाही. म्हणजे नुसत्या पुरुषांच्या गटातही कुणीतरी दाबत होतंच. अशी कामं बायकांच्या अंगातच असतात वगैरे काही नाही, 'ती करेल' हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. तुमच्या टीममध्ये मीटिंगचे मुद्दे कोण लिहून घेतं, नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कोण सांभाळून घेतं, निरोपसमारंभाची तयारी कुणाच्या गळ्यात पडते, हे बघा. बहुतेक तेच एक-दोन चेहरे असतील. आणि आपण त्याला 'ती किती व्यवस्थित आहे' असं म्हणून मोकळे होतो.

हे नुसतं मनात ठेवून चालत नाही, मांडावं लागतं. मी एक साधी एक्सेल शीट ठेवते. डावीकडे कामं, तीही बारीक तोडून. पुढे चार रकाने: कोणी केलं, किती वेळ गेला, कोणाला दिसलं, करणाऱ्याला त्यातून नवीन काय मिळालं. तुमच्याकडच्या दोन ओळी साधारण अशा निघतील. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आलेला तक्रारीचा फोन: तिने घेतला, पावणेदोन तास गेले, कोणालाच दिसलं नाही, नवीन काही नाही कारण असे फोन तिने ढिगाने घेतलेत. तिमाही आढाव्याचं प्रेझेंटेशन: त्याने केलं, अर्धा तास बोलला, संचालकांसकट सगळ्यांना दिसलं, अवघड प्रश्नांना तोंड द्यायला शिकला. आणि त्याच ओळीत खाली, तयारीचे आकडे: गप्प सहकाऱ्याने काढले, दोन दिवस गेले, कोणालाच दिसलं नाही.

महिनाभर हे भरलं की शेवटचे दोन रकाने वाचा. ज्याच्या नावापुढे ते सतत रिकामे, त्याच्याशी अन्याय होतोय, मग तो कितीही हसतमुख का असेना. वेळाच्या रकान्यावर फार विसंबू नका, लोक स्वतःचा वेळ अंदाजानेच सांगतात. ही शीट टीमला दाखवायची की नाही? माझ्या मते दाखवायची, पण आधी प्रत्येकाला त्याच्या ओळी एकट्याने बघू देऊन आणि दुरुस्त करू देऊन.

पुढची पायरी कामाचे तुकडे करण्याची. 'अवघड ग्राहक सांभाळणं' हे एक काम नाही. त्यात आधीचा पत्रव्यवहार वाचणं येतं, पहिला फोन येतो, नेमका बिघाड शोधणं, लेखी उत्तर तयार करणं आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करणं येतं. तिचं खरं कसब बहुधा पहिल्या फोनमध्ये आहे. बाकीचं सगळं तिच्याकडे निव्वळ सवयीने जातंय. बिघाड शोधणं तुमच्या गप्प सहकाऱ्याला तिच्यापेक्षा चांगलं जमण्याची बरीच शक्यता आहे. तुकडे केले की 'हे फक्त तीच करू शकते' या वाक्यातलं 'हे' एकदम लहान होतं.

इथे एक सापळा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. आपण तिला म्हणतो, "मग तू बाकीच्यांना शिकव ना." आपल्या दृष्टीने हा तिचा सन्मान असतो. तिच्या दृष्टीने आधीच्या ओझ्यावर आणखी एक ओझं. शिकवण्याआधी तिच्याकडचं काही काढून घ्या, आणि काय काढलं ते नाव घेऊन सांगा: "हे दोन ग्राहक सोमवारपासून तुझ्याकडे नाहीत, त्या वेळात तू याला तयार कर." मग शिकणाऱ्याने आधी तिचे फोन नुसते ऐकायचे, नंतर ती शेजारी बसलेली असताना स्वतः बोलायचं, नंतर एकट्याने, पण अडलं तर तिला विचारता येईल अशा बेताने. या काळात काम थोडं घसरेल. एखादा ग्राहक तुमच्यापर्यंत तक्रार घेऊन येईल. वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच तक्रारीला घाबरून सगळे ग्राहक पुन्हा तिच्या पदरात जाणार नाहीत. बहुतेक ठिकाणी हा प्रयत्न इथेच बारगळतो, आणि शिकणाऱ्याच्या कपाळावर 'याला जमत नाही' असा शिक्का कायमचा बसतो.

पक्षपाताची कुजबुज करणाऱ्यांना लगेच 'कामचुकार' ठरवू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. आज जो छान बोलतो त्याला पहिलं प्रेझेंटेशन कधी मिळालं होतं आणि का मिळालं होतं, ते शोधा. अनेकदा उत्तर अगदी साधं निघतं: त्या दिवशी तो मोकळा होता, किंवा आधीच्या प्रमुखाच्या शेजारी बसायचा. मग दुसरं मिळालं, मग दहावं. आता तो खरंच चांगला बोलतो. आपण ज्याला गुण म्हणतो त्यातला बराचसा भाग हा जुन्या संधींचा साठा असतो. अंगभूत कल नसतोच असं माझं म्हणणं नाही. पण ज्याला कधी पाण्यात उतरूच दिलं नाही त्याला पोहता येत नाही असं कसं म्हणणार? त्यामुळे प्रत्येक नाव होणाऱ्या कामातला काही हिस्सा मी मुद्दाम नवख्यासाठी राखून ठेवते. किती, ते काम किती नाजूक आहे यावर. अंतर्गत आढावा असेल तर निम्मा, बाहेरच्या मोठ्या ग्राहकासमोर असेल तर शेवटची पाच मिनिटं.

त्या दोघांशी बोलताना 'सगळे मला सारखेच' असलं काही म्हणू नका, त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. नियम सांगा. काम कशाच्या आधारे दिलं, पुढच्या वेळी दुसऱ्याला ते मिळायला काय लागेल, आणि निर्णय पटला नाही तर तुमच्याकडे येऊन तो बदलून घेता येतो का. शेवटचं खरंच खरं असायला हवं. कुणी सबळ कारण देऊन वाटप बदलून घेतलं, असं वर्षभरात एकदाही घडलं नसेल तर तुमचं दार उघडं असल्याच्या गप्पांना अर्थ नाही. आणि हे नियम काम वाटण्याच्या आधी सांगायचे. वाटून झाल्यावर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी सारवासारव वाटतं.

आतापर्यंतचं एका दमात: तिला काय आवडतं ते विचारा, कामं शीटवर मांडा, मोठ्या कामांचे तुकडे करा, तिचा भार आधी उतरवा, नियम आधी सांगा. आता गप्प बसणाऱ्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला तोच भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटला.

'त्याचं बलस्थान कळत नाही' असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही बघताय कुठे? मीटिंगमध्ये बघत असाल तर तिथे ते दिसणारच नाही. 1985 साली गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी चारचार जणांच्या गटांना तीन उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. सर्वांत योग्य उमेदवाराच्या जमेच्या बाजू त्यांनी सभासदांत विखरून दिल्या, म्हणजे प्रत्येकाकडे एकेक तुकडा. सगळ्यांनी आपापलं सांगितलं असतं तर योग्य माणूस सहज सापडला असता. पण गट जे सगळ्यांना आधीच माहीत होतं त्यावरच बोलत राहिले आणि बहुतेकांनी दुसराच उमेदवार निवडला. मीटिंगचा स्वभावच असा असतो: सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगणाऱ्याला माना डोलावून दाद मिळते, एकट्याला ठाऊक असलेली सांगणाऱ्याला आधी ती पटवून द्यावी लागते. गप्प माणूस ती कटकट घेत नाही.

म्हणून मी इतर ठिकाणी बघते. अडलेला माणूस कुणाच्या टेबलाशी जातो? रजेवर जाताना कुणी काम असं सोपवून जातं, म्हणजे हँडओव्हर असा करतं, की मागून त्याला फोन करावा लागत नाही? एका गप्प सहकाऱ्याची हँडओव्हरची नोंद मी एकदा नीट वाचली. प्रत्येक कामापुढे 'काय उरलंय' एवढंच न लिहिता 'हे बिघडलं तर आधी कुठे बघायचं' असाही एक रकाना त्याने केला होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका रकान्याने मला त्याच्याबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही अप्रेझल फॉर्मने सांगितलं नव्हतं: हा माणूस पुढे काय बिघडेल ते आधी पाहतो. कुठलंही नवीन काम सुरू करण्याआधी आराखडा त्याच्या नजरेखालून जाऊ लागला. मीटिंगमध्ये तो अजूनही फारसा बोलत नसे, आणि बोलायलाच हवं असा माझाही हट्ट नव्हता.

महत्त्वाच्या मीटिंगआधी सगळ्यांकडून दोन-चार ओळी लिहून मागवण्याची सवय लावा, आणि सुरुवात त्या वाचण्यापासून करा. पण भर मीटिंगमध्ये "अरे, तू काहीच बोलला नाहीस!" असं मात्र करू नका. त्यातून गुण बाहेर येत नाही, माणूस आणखी आत जातो.

जाता जाता व्यक्तिमत्त्व चाचण्यांबद्दल, कारण कुणीतरी तुम्हाला त्या सुचवणारच. गप्पांना सुरुवात म्हणून ठीक आहेत. कामं वाटायला त्या वापरणं मला अजिबात पसंत नाही. अर्ध्या तासात टिकमार्क केलेल्या उत्तरांवरून एखादीला 'माणसांत रमणारी' असं लेबल चिकटतं आणि मग पुढची दोन वर्षं सगळे चिडके ग्राहक तिच्याच नशिबी.

श्रेयाबद्दल थोडं. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना विचारलं, घरातल्या अमुक कामांत तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. दोघंही खोटं बोलत नव्हते. स्वतः केलेलं जास्त आठवतं, इतकंच. तुमच्या प्रेझेंटेशनवाल्यालाही आकडे कुणी काढले हे मुद्दाम लपवायचं नसेल, ते त्याच्या डोक्यात राहतच नाही. म्हणून श्रेय आठवणीवर सोडू नका. वर जाणाऱ्या मेलमध्ये काम आणि नाव एकत्र लिहा, त्याच दिवशी: 'हे आकडे अमुकने तीन वेगवेगळ्या याद्या ताडून काढले.' 'टीमने छान काम केलं' हे वाक्य ऐकायला गोड असतं, पण त्यात ज्याचं नाव आधीच माहीत आहे त्यालाच श्रेय जातं. आणि संचालकांनी आकड्यांवर प्रश्न विचारला तर उत्तर ज्याने ते काढलेत त्याला देऊ द्या. त्याला उभं राहून बोलायचं नसेल तर बसून, दोन वाक्यांत.

बढतीचा विषय तुमच्या हातात नसेल, तरी शिफारस तुमच्याकडे मागितली जाईल. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी 131 अमेरिकन कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. 2019 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापक करण्याकडे कंपन्यांचा कल होता, आणि असे लोक व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी उलट घसरत होती. ज्यांना इतरांबरोबर मिळून विक्री करण्याचा अनुभव होता ते पुढे चांगले व्यवस्थापक ठरले. एखाद्याच्या कौशल्याचं बक्षीस म्हणून त्याला ते कौशल्यच वापरता येणार नाही अशा खुर्चीवर बसवू नका. पैसा, हुद्दा, सवलत, दुसरं काहीही द्या.

उरला तिचा अर्ज. बाकी सगळ्याच्या आधी याच आठवड्यात तिच्याशी बोला. 'तुझ्याशिवाय टीम चालणार नाही' असं चुकूनही म्हणू नका. तुम्हाला ती स्तुती वाटेल, तिला ती बेडी वाटेल, कारण नेमकं तेच तिला नकोय. विचारा, "कामातलं काय बदललं तर तुला थांबावंसं वाटेल?" आणि ती जे सांगेल त्यातलं किती तुमच्या हातात आहे ते प्रामाणिकपणे सांगा. थांबली तर उत्तम. थांबली नाही तर अर्ज दाबून ठेवू नका, नव्या विभागाला तिच्याबद्दल चांगलं आणि नेमकं लिहून द्या. बाकीचे सात जण बघत असतात, इथे चांगलं काम करणाऱ्याला पुढे जाऊ देतात की अडकवून ठेवतात. तारीख ठरवून घ्या, आणि त्या तारखेच्या आधीच तिचे निदान निम्मे ग्राहक दुसऱ्यांच्या नावावर गेलेले असू देत, ती शेजारी बसून ऐकतेय तोवरच.